सिव्हिलचा फेरा

कुठं पळायचं, या एका प्रश्नावरून साताऱ्यात जेवढी भांडणं झाली, तेवढी घराच्या वाटण्यांवरूनही झाली नसतील. समर्थ मंदिराकडच्या लोकांना यवतेश्वरचा घाट हवा, कारण तो त्यांच्या दारातूनच सुरू होतो. गोडोलीवाल्यांना सपाट रस्ता हवा. माहुलीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, कॅम्पाकडे कुत्री. मॅरेथॉनची तयारी करणारी ही मंडळी रोज पहाटे पोवई नाक्यावर जमत, आधी दमेपर्यंत भांडत आणि मग पळत.

'पायवाट' आलं आणि भांडणं मिटली. दोन्ही बुटांत आतल्या तळव्याखाली टिकलीएवढी एकेक चकती चिकटवायची आणि विसरून जायचं. पळून घरी आलं की चकत्या आपल्या मालकाच्या फोनला सगळी माहिती देत, आणि रात्री जेवणं आटोपली की फोनवर उद्याचा रूट येई. धूळ कुठं कमी आहे, ऊन कुठल्या वळणावर लागेल, ट्रॉल्या कधी सुटतात, हे सगळं त्यात धरलेलं असे. प्रत्येकाचा रूट वेगळा, आणि तो त्याला बेतून शिवल्यासारखा बसायचा.

त्या चकतीत जादू नव्हती. तळपाय जमिनीला किती वेळ टेकला, कुठल्या कडेवर भार पडला, घोट्याजवळच्या शिरेत रक्ताचा ठोका कसा आला, एवढंच ती टिपायची. घरात पांघरूण घेऊन पडलेल्या माणसालाही जिना कोण चढतंय ते पावलांवरून कळतं, आणि चढणारा दमलाय की रागावलाय तेही कळतं. 'पायवाट'ला तेच कळायचं, फक्त लाखो माणसांचं. आणि त्याला काम एकच दिलेलं होतं. पळायला गेलेला माणूस धडपणे घरी परत आला पाहिजे. कसल्या पावलांचा माणूस कुठल्या रस्त्यानं गेला म्हणजे परत येतो, हे ते आपलं आपण शिकत गेलं. हृदय म्हणजे काय आणि दवाखाना म्हणजे काय याची त्याला गंधवार्ता नव्हती. रोगाचं निदान करायला कायद्यानं बंदी होती, ती त्यानं कधी मोडली नाही. तब्येतीबद्दल ते बोलत काहीच नव्हतं, फक्त रस्ता दाखवत होतं.

पहिल्यांदा हे कळलं ते अंबिके सरांमुळे. गणिताचे निवृत्त मास्तर, घाटाचे पक्के गडी. एका आठवड्यात त्यांचा घाट बंद झाला आणि रोज एकच रूट यायला लागला, सिव्हिलभोवती फेऱ्या. सिव्हिल म्हणजे जिल्ह्याचं सरकारी हॉस्पिटल. "मी काय प्रदक्षिणा घालायला लागलोय का?" म्हणून सर रोज चिडायचे. मग एका सकाळी ते सिव्हिलच्या फाटकातच कोसळले आणि आत स्ट्रेचर तयारच होतं म्हणून वाचले. घाटात असते तर संपलेच असते, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दुसरं कळलं ते घोरपडे तात्यांमुळे. तात्यांना सिव्हिल आलंच नाही. त्यांना त्यांचीच गल्ली आली, घरापासून मारुतीच्या पारापर्यंत आणि परत. "तात्या, काकूंनी 'पायवाट'ला फितवलं काय?" म्हणून सगळ्यांनी त्यांची खेचली. त्याच आठवड्यात तात्या स्वतःच्या ओट्यावर पाणी मागता मागता गेले. ऑपरेशनच्या टेबलावर असते तरी उपयोग नव्हता, असं नंतर ऐकू आलं. यंत्राच्या हिशेबानं त्यात काही चुकलं नव्हतं. तात्या घरीच होते.

तेव्हापासून गावाला अर्थ लागला. सिव्हिलचा फेरा आला तर अजून वेळ आहे. गल्लीचा फेरा आला तर लेकींना बोलावून घ्या. कंपनीनं हा योगायोग आहे असं सांगितलं आणि त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. लोक मुलगी दाखवायच्या आधी मुलाचा रूट मागवायला लागले. विमा एजंट पहाटे चहाच्या टपरीवर उभे राहून कोण कुठल्या बाजूला पळतंय ते बघायला लागले. काहींनी चकत्या उपटून फेकल्या. पण बहुतेकांनी ठेवल्या, कारण न कळण्याची भीती कळण्याच्या भीतीपेक्षा मोठी निघाली.

मंगळवार पेठेतल्या निकमांच्या दोघी जावा त्याच घोळक्यातल्या. थोरली तृप्ती, पन्नाशीला आलेली, घरचं स्टेशनरीचं दुकान सांभाळणारी. नवरा नोकरीनिमित्त पुण्यात. धाकटी शर्वरी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. जावाजावांचं पटतं हे ऐकून लोकांना बरं वाटत नाही, पण या दोघींचं पटायचं. जानेवारीतली पूर्ण मॅरेथॉन दोघींनी मिळून पळायची, असं ठरलं होतं. तृप्तीची ती पहिलीच.

दिवाळीत शर्वरीनं नवे बूट घेतले. दुकानदारानं तिच्या चकत्या जुन्या बुटांतून काढून नव्यांत बसवून दिल्या आणि जुने बूट टाकून दिले, त्यांचे तळ गेलेच होते. आता नवे बूट पायात घालून थेट शर्यतीला उभं राहणं म्हणजे फोडांना आवतण. ते आधी पळून पळून मऊ करावे लागतात. साताऱ्यात याला 'बूट मळणं' म्हणायचे. ज्याला वेळ नसेल त्याचे बूट त्याच मापाचं कुणीतरी मळून द्यायचे, भावाचे भावानं, बहिणीचे बहिणीनं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

"तुझे पेपर तपासायचे आहेत. आण इकडं, मी मळून देते," तृप्ती म्हणाली. "माप एकच आहे आपलं. तोवर तू माझे घाल, चांगले सैल झालेत."

"ताई, तुम्ही माझ्या पिठासकट सगळंच मळा आता."

"मळते की. तुझ्या पोळ्या बघितल्यात मी."

एवढंच झालं होतं.

नोव्हेंबर संपता संपता एका रात्री शर्वरीच्या फोनवर उद्याचा रूट आला. तिनं तो बघितला, फोन पालथा ठेवला आणि पुन्हा उचलला. सिव्हिल, सदर बझार, पुन्हा सिव्हिल. नवरा रणजित शेजारी बसून बातम्या बघत होता. त्यानं तिच्या हातातून फोन घेतला आणि टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून तपासण्या सुरू झाल्या. ईसीजी झाला, पट्ट्यावर पळवून झालं, रक्त तपासून झालं. डॉ. बाबर हे गावातले नावाजलेले हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी सगळे रिपोर्ट टेबलावर मांडले आणि हसून म्हणाले, "मॅडम, ठणठणीत आहात. माझ्यापेक्षा चांगलं हृदय आहे."

मग रणजितनं त्यांना रूट दाखवला. डॉक्टरांचं हसू विरलं. त्यांनी रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले.

"पण सर, रिपोर्ट चांगले आहेत ना?" शर्वरीनं विचारलं.

"आहेत. पण अंबिके सरांचेही चांगलेच होते." डॉक्टरांनी चष्मा काढला. "आपण अँजिओग्राफी करून टाकू. सोमवारची वेळ देतो. आणि येताना तुमचे ते बूट घेऊन या. त्या चकतीला असं काय दिसतंय ते मला बघायचंय."

आपल्या शरीरात काहीतरी बिघडलंय आणि ते डॉक्टरला दिसत नाही, हे घेऊन शर्वरी घरी आली. त्या दिवसापासून तिचं घरातलं वजनच बदललं. सासूबाई तिला तांब्याही उचलू देईनात. रणजितची स्कूटर फोननं उघडायची, तर तिनं ती चालवू नये म्हणून त्यानं शर्वरीच्या फोनची परवानगी काढून टाकली. कॉलेजात प्राचार्यांनी आपणहून रजा मंजूर केली, तीही न मागता. शेजारच्या बायका भेटायला येत आणि तिच्याकडे अशा बघत, की तिला आपलाच फोटो भिंतीवर लागल्यासारखं वाटे. तिला मरणाची भीती वाटत होती आणि त्याहून जास्त या बघण्याचा संताप येत होता. संतापली की सगळे म्हणत, "टेन्शन घेऊ नकोस."

फक्त तृप्ती तिच्याशी पहिल्यासारखी बोलायची. घरातली शर्वरीची सगळी कामंही तिनंच अंगावर घेतली. गहू दळून आणणं, पाण्याचे कॅन वर चढवणं आणि वर दुकान. जिना चढून आली की ती कठड्याला टेकून उभी राहायची, आणि मग सोडा घालून लिंबूपाणी प्यायची.

"ताई, दम लागतोय तुम्हाला."

"पित्त झालंय गं. पोहे खाल्ले सकाळी, ते बाधले. मला कशाचा दम लागतोय? 'पायवाट' मला घाट देतंय घाट, या वयात! परवा यवतेश्वर दिलं, उद्या रविवारी कासच्या रस्त्यापर्यंत दिलंय." तिनं लहान मुलीसारखा फोन पुढं केला. "बघ. तुझी जाऊ म्हातारी नाही झाली अजून."

शर्वरीला बरं वाटलं आणि थोडी असूयाही वाटली.

"आणि तू रडत बसू नकोस," तृप्ती म्हणाली. "बरी होशील तेव्हा बूट तयार पाहिजेत. रोज तुझेच घालून पळते मी. लोण्यासारखे केलेत."

शर्वरी रोज सकाळी सिव्हिलभोवती फेरी मारून यायची, चालत, रणजितच्या सोबतीनं. पायात तृप्तीचे जुने सैल बूट. फाटकावरचा वॉचमन तिला ओळखायला लागला होता. तो नमस्कार करायचा, आणि तो नमस्कार तिला नकोसा वाटायचा. रूट काही बदलत नव्हता.

रविवारी तृप्ती उजाडायच्या आत घाटाकडे गेली. फोन ती कधीच बरोबर नेत नसे, घाटात रेंज नसते म्हणून. शर्वरी चहा घेऊन झाल्यावर सोमवारची पिशवी भरायला बसली. रिपोर्ट ठेवले, टॉवेल ठेवला. डॉक्टरांनी बूट आणायला सांगितले होते, म्हणून ती दारातल्या मांडणीपाशी गेली. मांडणीवर तृप्तीचे जुने बूट होते. तिचे नवे नव्हते. अर्थातच नव्हते, ते तृप्तीच्या पायात होते.

ती तशीच वाकलेली राहिली. माझे बूट तर माझ्या पायात नाहीतच, तिच्या मनात आलं. दिवाळीपासून नाहीत.

मग सगळं एकदम समोर उभं राहिलं. चकत्या फोनमध्ये नसतात, बुटात असतात. तिच्या नावाच्या चकत्यांवरून महिनाभर तृप्ती पळत होती आणि तृप्तीच्या नावाच्या चकत्यांवरून ती स्वतः. पाऊल बदललं म्हणजे बूट दुसऱ्याच्या पायात गेले, असं 'पायवाट'ला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं, की पाऊल बदललं म्हणजे तब्येत बदलली. सिव्हिल ज्या पावलांना आलं होतं ती पावलं तृप्तीची होती, आणि घाट आला होता तो शर्वरीच्या धडधाकट पावलांना.

पहिल्या क्षणी तिला हायसं वाटलं. मी नाही. माझं काही नाही. तो क्षण लगेच सरला आणि मागोमाग घाट डोळ्यांसमोर आला, दवाखाना नसलेला, रेंज नसलेला, आणि त्यातून हसत चढणारी तृप्ती.

"रणजित! स्कूटर काढ. ताईंना आणायचंय घाटातून, आत्ताच्या आत्ता."

रणजित खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीकडे निघाला होता. तिनं सांगायचा प्रयत्न केला, पण श्वास पुरेना आणि शब्दांचा गुंता झाला. बूट, चकत्या, दिवाळी, ताई. त्याच्या चेहऱ्यावर तीच काळजी उमटली, जी आता तिला पाठ झाली होती.

"आधी खाली बस. पाणी पी. उद्या अँजिओग्राफी आहे म्हणून डोक्यात भलतंसलतं येतंय."

"भलतंसलतं नाही! माझे बूट त्यांच्या पायात आहेत!"

"असू देत की. येतील वहिनी दोन तासांत. आई, हिला जरा बसवा." आणि स्कूटर उघडणारा फोन घेऊन तो न्हाणीत गेला. दाराची कडी लागली.

सासूबाई देवघरातून "टेन्शन घेऊ नको गं" म्हणत उठेपर्यंत शर्वरीनं तृप्तीचे जुने बूट पायात चढवले होते. फोन हातात घेऊन ती जिना उतरली आणि पळत सुटली.

इतके दिवस तिला कुणी पळू दिलं नव्हतं. पाय जड झाले होते, पण हृदयाचं काही बिनसलेलं नव्हतं आणि आता तिला ते पक्कं ठाऊक होतं. समर्थ मंदिरापाशी फुलं विकणारी बाई ओरडली, "अवो बाई, तुमाला पळायचं न्हाई ना!" शर्वरी थांबली नाही. चढ लागला. घाटातून उतरणाऱ्या दोनचार जणांनी तिला ओळखलं आणि दचकून बाजूला झाले. एकानं तर हात आडवा केला. "वहिनी, वरती काही सोय नाही, मागं फिरा!"

"तृप्तीताई दिसल्या का?"

"मागं आहेत. बसल्या होत्या जरा."

दुसऱ्या वळणावरच्या कठड्याजवळ तृप्ती दिसली. चालत खाली येत होती. शर्वरीला पाहून तिनं आधी हात हलवला आणि मग तो हात छातीशी धरला.

"तू? अगं बया, पळतीस कशाला? मरायचंय का तुला?"

"ताई, बसा. आधी बसा इथं."

तृप्ती बसली. एरवी ती अशी सांगितल्यावर बसणारी नव्हती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि थंडीतही गळ्यावरून घाम ओघळत होता. "पित्तच आहे," ती म्हणाली. "जबडापण दुखतोय आज. वरपर्यंत गेले मात्र. सगळा चढ न थांबता चढले, बरं का."

शर्वरी तिच्यापुढं उकिडवी बसली आणि तिनं बुटांवर हात ठेवला. "ताई, हे बूट माझे आहेत. चकत्यापण माझ्या."

तृप्ती तिच्याकडे बघत राहिली. दुकानात तिला हिशेब कधी दोनदा सांगावा लागत नसे, तसा हाही लागला नाही. तिनं आपल्या पायांकडे पाहिलं, मग शर्वरीच्या पायांकडे.

"म्हणजे तू बरी आहेस," ती म्हणाली.

"हो."

"चांगलं झालं बाई." तिनं डोळे मिटले. ती मनापासून बोलत होती, आणि त्यानंच शर्वरीचा बांध फुटला.

तेवढ्यात शर्वरीच्या हातातला फोन थरथरला. सकाळपासूनची घाटातली सगळी पावलं त्या बुटांत साठलेली होती, आणि आता मालकिणीचा फोन जवळ आल्यावर चकत्यांनी ती ओतून टाकली होती. हिशेब फोनमध्येच होई, त्याला रेंज लागत नसे. पडद्यावर नाव शर्वरी निकम असंच होतं. खाली नवा रूट, रात्रीची वाट न बघता आलेला. त्यात आता सिव्हिल नव्हतं. मंगळवार पेठ, निकमांचं घर ते मारुतीचा पार आणि परत. चालत.

शर्वरीनं तो पुन्हा वाचला. तिनं फोन पालथा धरला.

"काय आलं गं? नवा रूट का?" तृप्तीचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"हो."

"कुठला?"

खालच्या वळणावर रणजितची स्कूटर दिसली. ओल्या केसांनी, बनियनवर जॅकेट चढवून तो येत होता आणि लांबूनच ओरडत होता.

"सिव्हिल," शर्वरी म्हणाली.

तृप्तीनं श्वास सोडला. खांदे सैल झाले. "मग आहे की वेळ अजून. रडतीस कशाला?"

रणजित पोचला तो शिव्या घालायच्या तयारीत. मग त्यानं वहिनीचा चेहरा पाहिला आणि स्कूटर वळवून उभी केली. दोघांनी मिळून तृप्तीला मधे बसवलं. शर्वरी मागं बसली आणि तिनं तृप्तीला दोन्ही हातांनी कवटाळलं.

"ट्रिपल सीट," तृप्ती पुटपुटली. "पोलीस धरतील."

"धरू देत."

स्कूटर आवाज न करता उतारावरून सुटली. तृप्तीचं डोकं शर्वरीच्या खांद्यावर टेकलं होतं, आणि पाठीतून येणारा ठोका शर्वरीच्या छातीला लागत होता. तो मधेच अडखळे, मग घाईघाईनं दोनदा पडे. असं काही असतं हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं, यंत्राला कितीतरी आधी कळलं होतं. आणि यंत्र अजूनपर्यंत कुणाच्या बाबतीत चुकलेलं नव्हतं. फक्त माणसं चुकली होती.

समर्थ मंदिराचा चौक आला. एक रस्ता पेठेत, घराकडे जात होता आणि दुसरा खाली पोवई नाक्यावरून सिव्हिलकडे. रणजितनं स्कूटर खालच्या रस्त्याला घातली. शर्वरीच्या खिशात फोन वाजला, आणि रूट चुकला की येणारा 'पायवाट'चा तो मृदू बाईचा आवाज आला, घोळक्यातल्या सगळ्यांच्या ओळखीचा. वाऱ्यात त्याचे शब्द विरून गेले, पण शर्वरीला ते पाठ होते. तुम्ही रूट सोडला आहे. कृपया मागे फिरा.

"काय म्हणतंय गं?" तृप्तीनं विचारलं.

शर्वरीनं खिशात हात घालून फोन बंद केला.

"बरोबर रस्त्यावर आहोत म्हणतंय, ताई," ती म्हणाली. "रणजित, वेगात घे."